पुण्याचे जुने नळ व पिण्याच्या पाण्याची राखण

१. विषय

एखाद्या नगराचा इतिहास लिहितांना आपण त्याचे वाडे, देवळें, पेठा व वेशी यांची नोंद काळजीपूर्वक करतों. परंतु तें नगर पाणी कोठून पीत होतें, तें पाणी कोणीं आणिलें, कोणीं राखिलें आणि कोणाच्या हयगयीनें तें नासलें, हा प्रश्न बहुधा शेवटच्या पानावर ढकलला जातो. वस्तुतः पाण्यावांचून पेठ वसत नाहीं, आणि वसली तरी टिकत नाहीं. ज्या नगराच्या पाण्याचा वृत्तांत अपुरा राहिला, त्या नगराचा इतिहासहि अपुराच समजला पाहिजे.

पुणें शहराच्या पिण्याच्या पाण्याचा गेल्या पावणेतीनशें वर्षांचा वृत्तांत एका विशिष्ट दृष्टीनें पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. ही दृष्टि अशी : पुण्यास पाण्याचा तुटवडा पडला म्हणून नवें पाणी आणिलें गेलें, असें प्रत्येक पिढींत घडलें आहे, पण नवें पाणी येतांच जुन्या पाण्याची राखण सुटली, हेंहि प्रत्येक पिढींत घडलें आहे. राखण सुटलेलें पाणी नुसतें वायां जात नाहीं. तें कुजतें, रोगास कारण होतें, किंवा पूर होऊन घरांत शिरतें. म्हणून पुढील काळीं शहरास पाणी पुरेल कीं नाहीं, या प्रश्नाइतकाच, हातीं असलेल्या पाण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास जुनीं कागदपत्रें उपयोगी पडतात. आणि तीं ज्यांच्या संग्रहीं आहेत ते या त्रैमासिकाचे वाचकच होत.

२. आज्ञापत्रांतील तीन नियम

करवीरकर संभाजी छत्रपतींच्या आज्ञेवरून रामचंद्रपंत अमात्य यांनीं इ. स. १७१६ च्या सुमारास सिद्ध केलेलें आज्ञापत्र वाचकांस सुपरिचित आहे. त्यांतील दुर्गप्रकरणाचा अभ्यास आजवर मुख्यतः तट, बुरूज, दरवाजे व गडावरील नेमणुका यांच्या अंगानें झाला. त्याच प्रकरणांत पाण्याविषयीं जो लहानसा भाग आहे, त्यांत पिण्याच्या पाण्याच्या संरक्षणाचें संपूर्ण शास्त्र थोडक्यांत आलें आहे. त्याचा आशय तीन नियमांत सांगतां येतो.

पहिला नियम असा कीं, बांधकामास हात घालण्यापूर्वीं पाणी पाहावें. पाणी नाहीं आणि जागा तर सोडतां येत नाहीं, असा प्रसंग आला तर आधीं खडक फोडून, पुढल्या पावसाळ्यापर्यंत सर्वांस पुरेल एवढा सांठा करावा, मग वस्ती करावी. दुसरा नियम असा कीं, झरा आहे आणि आज तो पुरतो, एवढ्यावर स्वस्थ बसूं नये. लढाईच्या दिवसांत तोफांच्या दणक्यानें झरे कमी होतात, आणि नेमका त्याच वेळीं पाण्याचा खर्च वाढतो. यास्तव कांहीं टांकीं जखिऱ्याचीं म्हणून निराळीं राखावीं व एरवीं त्यांतील पाणी खर्चूं नये. तिसरा नियम असा कीं, पाण्याची जतन हें गडाच्या कारभाराचें एक स्वतंत्र काम समजावें. तें आपोआप होईल असें मानूं नये.

तोफेच्या आवाजानें झरा खरोखर आटतो किंवा कसें, याचा निर्णय भूस्तरशास्त्रज्ञांनीं करावा. आपल्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे तो त्यामागील विचार. तुटवडा व वाढती मागणी हीं दोन संकटें वेगवेगळीं येत नाहींत, तीं एकाच वेळीं येतात. म्हणून आजच्या पुरवठ्यावरून संकटकाळच्या पुरवठ्याचें माप काढूं नये, हें अमात्यांनीं ओळखिलें होतें.

हा विचार केवळ कागदावर राहिला नव्हता. सिंहगडावरील देवटांकें, शिवनेरीवरील गंगा-जमुना, पन्हाळ्यावरील अंधारबाव हीं स्थळें पाहिलेल्यांस तो दगडांत दिसतो. अंधारबाव तर तीन मजल्यांची. खालीं पाणी, वर पाहऱ्याची व राहण्याची सोय. शत्रूनें पाण्यांत विष कालवूं नये म्हणून पाणीच वास्तूच्या पोटांत घेतलें आहे. पाण्याचा पुरवठा आणि पाण्याची निर्मळता या दोन गोष्टी तेथें निराळ्या मानलेल्या नाहींत. पुढील विवेचनांत हे तीन नियम, म्हणजे आधीं पाणी, मग वस्ती. एकाच झऱ्यावर विसंबूं नये. आणि जतन कोणाकडे तें ठरलेलें असावें, हे कसोटीप्रमाणें वापरावयाचे आहेत.

३. कात्रजचा नळ

शनिवारवाड्याचा पाया इ. स. १७३० त घातला गेला व १७३२ त वाड्याची वास्तुशांति झाली. तेव्हांपासून पुणें हें मुठेकाठचा एक कसबा न राहतां मराठी राज्याच्या कारभाराचें मुख्य स्थान झालें. शिबंदी, कारकून, सावकार, भिक्षुक, कारागीर यांची वस्ती वाढली. नदी शेजारून वाहत असली तरी तिचें पात्र वस्तीच्या पातळीहून खालीं. उन्हाळ्यांत ती रोडावे व पावसाळ्यांत गढूळ होई. आड व विहिरी होत्या, पण कातळाच्या भेगांतून झिरपणारें त्यांचें पाणी वैशाखांत तळाला जाई. अशा स्थितींत बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे (कारकीर्द १७४०–१७६१) यांनीं १७५० च्या सुमारास कात्रजच्या पाण्याची योजना हातीं घेतली.

या योजनेची रचना समजून घेण्यासारखी आहे. कात्रजच्या डोंगराच्या पायथ्याशीं आंबील ओढ्याचें पाणी अडवून दोन तळीं करण्यांत आलीं. डोंगरावरून येणारें गढूळ पाणी वरच्या तळ्यांत थांबे, गाळ तेथें बसे, आणि निवळलेलें पाणी खालच्या तळ्यांत उतरे. तेथून तें नळांत शिरे. येथें ‘नळ’ या शब्दानें आजची लोखंडी नळी समजावयाची नाहीं. तो दगडचुन्यांत बांधलेला भुयारी पाट असून, माणूस आंत उतरून चालूं शकेल एवढा मोठा होता. कात्रजपासून शनिवारवाड्यापर्यंतचें सुमारें पांच मैलांचें अंतर पाणी कोणत्याहि यंत्रावांचून, केवळ उताराच्या जोरावर येई. वाटेंत गाळ बसण्यासाठीं खोलगट जागा ठेविलेल्या होत्या. जागोजाग नळावर ‘उच्छ्वास’ बांधलेले असत. उच्छ्वासांतून आंतील हवा मोकळी होई, म्हणून पाण्याची वाट कोंडत नसे. साफसफाईसाठीं त्यांतूनच माणूस आंत उतरे. आणि पुष्कळ ठिकाणीं लोक तेथूनच पोहऱ्यानें पाणी शेंदून घेत. शहरांत आल्यावर हें पाणी वाड्यांतील कारंज्यांना जाई, तसेंच काळा हौद, बदामी हौद, फडके हौद अशा सार्वजनिक हौदांनाहि जाई. या हौदांचीं नांवें आजहि पुण्याच्या चौकांस व गल्ल्यांस चिकटून आहेत. कित्येक ठिकाणीं हौद गेले, नांवें राहिलीं.

दक्षिणेंत भुयारी मार्गानें पाणी आणण्याची विद्या यापूर्वींचीच आहे. बऱ्हाणपूर येथील कुंडी भंडारा इ. स. १६१५ च्या सुमाराचा. मलिक अंबरानें खडकी, म्हणजे पुढील औरंगाबाद व आजचें छत्रपति संभाजीनगर, येथें केलेली नहरहि त्याच काळांतील. परंतु या योजनांत व कात्रजच्या नळांत एक महत्त्वाचा भेद आहे. बऱ्हाणपूर व खडकी येथें डोंगरालगतच्या जमिनींत मुरलेलें पाणी भुयारांनीं गोळा करून आणिलें जाई. तें मुळांतच भूमीनें गाळलेलें असे. कात्रजचें पाणी उघड्या तळ्याचें, म्हणजे डोंगरावर जें पडेल तें वाहून आणणारें. त्यामुळें कात्रजच्या नळाची निर्मळता नळाच्या बांधणीवर जितकी अवलंबून होती, तितकीच, किंबहुना अधिक, तळ्यांच्या वरच्या बाजूचा डोंगर व ओढा स्वच्छ राहण्यावर अवलंबून होती. डोंगर राखला तर नळ राखला, असा तो संबंध होता. पुढें काय घडलें हें समजण्यास हा भेद ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

याच काळांत आंबील ओढ्याच्या खालच्या भागाचीहि व्यवस्था लागली. हा ओढा पूर्वीं आजच्या पेठांच्या जागेंतून मुठेस मिळत असे. नानासाहेबांच्या काळीं तो पश्चिमेकडे वळविण्यांत आला व पर्वतीच्या पायथ्याशीं तळें झालें. म्हणजे एकाच ओढ्याचें वरचें पाणी पिण्यास आणिलें आणि खालचा प्रवाह वस्तीबाहेर काढिला. पुरवठा व पूर हे दोन विषय एकाच योजनेच्या दोन बाजू होत्या.

पुढें शहर वाढलें तसे आणखी नळ झाले. नाना फडणिसांनीं १७९० च्या सुमारास आंबेगांवच्या बाजूनें पाणी आणून तें सदाशिव पेठेंतील हौदांत सोडिलें. सरदार रास्ते यांनीं आपल्या पेठेसाठीं निराळा नळ केला. चौधरी यांचाहि एक नळ होता. पेशवाईच्या अखेरीस पुण्यास एक नव्हे, तर वेगवेगळ्या दिशांनीं येणारे अनेक नळ, शेंकडों आड आणि नदी, असे परस्परांपासून स्वतंत्र आधार होते. आज्ञापत्रांतील दुसरा नियम येथें आपोआप पाळला गेला होता असें म्हणण्यास हरकत नाहीं.

४. हें पाणी कोणाचें ?

जुन्या व्यवस्थेचें गुणगान करतांना तिचा मोठा दोष झांकतां कामा नये. नळाचें पाणी सार्वजनिक हौदांत येत असलें तरी तें सर्वांस खुलें नव्हतें. अस्पृश्य मानलेल्या जातींस या हौदांवर पाणी भरण्याची मुभा नव्हती; त्यांस कोणी वरून घालील त्या पाण्यावर किंवा अस्वच्छ जागच्या पाण्यावर दिवस काढावे लागत. म्हणजे ‘निर्मळ पाणी’ या शब्दांत निर्मळतेची जी कल्पना होती, ती पाण्याच्या गुणाची नसून भरणाऱ्याच्या जातीची होती. शिवाशिवीनें पाणी विटाळतें असें मानणाऱ्या शहरानें नळाशेजारच्या शौचकूपांकडे मात्र पुरेसें लक्ष दिलें नाहीं.

जोतीराव फुले यांनीं १८६८ त आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला, ही घटना समाजसुधारणेच्या इतिहासांत नोंदलेली आहे. पाण्याच्या इतिहासांतहि ती नोंदली पाहिजे. मुंबई कायदे कौन्सिलांत सी. के. बोले यांनीं मांडलेला, सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव १९२३ त संमत झाला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं महाडास चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें. आणि त्या तळ्याविषयींचा दिवाणी वाद मुंबई हायकोर्टानें १९३७ त अस्पृश्य पक्षाच्या बाजूनें निकालांत काढिला. यावरून जतनेच्या नियमास एक पुरवणी जोडावी लागते : पाणी राखणें याचा अर्थ कांहींजणांसाठीं अडवून ठेवणें असा होऊं लागला, कीं ती राखण न्यायाची राहत नाहीं.

५. बंडापासून खडकवासल्यापर्यंत

इ. स. १८१८ त पेशवाई संपली. नळांचा धनी गेला. दुरुस्तीचा खर्च सरकारवाड्यांतून व सरदारांच्या वाड्यांतून होत असे, तो झराच आटला. पुणें नगरपालिका १८५७ त स्थापन झाली. तोंवरच्या चार दशकांत नळांची निगा हें कोणाचेंच निश्चित कर्तव्य नव्हतें. भुयारी बांधकामाचें असें असतें कीं, तें बिघडलें तरी वरून दिसत नाहीं. चुन्याचे सांधे सुटतात, झाडांचीं मुळें आंत शिरतात, शेजारच्या शौचकूपाचा पाझर नळांत उतरतो. आणि हौदावर पाणी मात्र पूर्वींसारखेंच स्वच्छ दिसतें.

या काळांत सर जमशेटजी जिजीभाई यांच्या औदार्यानें मुळा-मुठेवर बांध होऊन (१८५०) पाणी मिळण्याची एक नवी सोय झाली. तीच जागा पुढें बंडगार्डन या नांवानें प्रसिद्धीस आली. परंतु खरा पालट झाला तो खडकवासल्याच्या धरणानें. कर्नल फाइफ यांच्या योजनेनुसार मुठेवर बांधलेलें हें चुनेगच्ची धरण १८७९ त पुरें झालें. कालव्याचें पाणी शेतीस व शहरास मिळूं लागलें. लोखंडी नळ्यांतून पाणी दारांत आलें, आणि हौदावर जाण्याची गरज कमी झाली.

याच सुमारास रोगांविषयींचें ज्ञानहि पालटलें. पटकीची सांथ पाण्यावाटे पसरते, हें लंडन येथें जॉन स्नो यांनीं १८५४ त दाखविलें होतें. रॉबर्ट कॉख यांनीं १८८४ त कलकत्त्यास येऊन पटकीचा जंतु रोग्यांत व तेथील एका तळ्याच्या पाण्यांत पाहिला. तेव्हांपासून ‘निवळ दिसणारें पाणी निर्धोक’ ही समजूत टाकणें भाग पडलें. पाणी गाळून, जंतुनाशक घालून देण्याची रीति पुढें रूढ झाली, आणि तिनें असंख्य प्राण वांचविले यांत संशय नाहीं.

तथापि या सुधारणेबरोबर एक सूक्ष्म बदल झाला, त्याकडे लक्ष वेधावयाचें आहे. पूर्वीं पाणी शुद्ध राहावें म्हणून उगम राखावा लागे, कारण दुसरा उपायच नव्हता. आतां पाणी शेवटीं शुद्ध करतां येतें, म्हणून उगम राखण्याची निकड उरली नाहीं, अशी भावना बळावली. कात्रजचीं तळीं, उच्छ्वास, हौद व आड हे जुने होऊन अडगळींत गेले. एकेका वाड्यांतला आड कचऱ्यानें बुजला. कोणीहि आज्ञा देऊन जुनें पाणी बंद केलें नाहीं. नव्या पाण्याच्या सुखांत त्याचें विस्मरण झालें, एवढेंच.

६. दिनांक १२ जुलै १९६१

या विस्मरणाची किंमत पुण्यास एका दिवसांत कळली. मुठेची उपनदी आंबी हिच्यावर पानशेत येथें मातीचें धरण बांधण्याचें काम चालू होतें. धरणाच्या पोटांतून पाणी सोडण्याच्या मार्गाचें काम अपुरें असतांनाच १९६१ च्या पावसाळ्यांत त्यांत पाणी सांठलें. १२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं धरण फुटलें. तो लोंढा खालच्या खडकवासल्यावर आदळला, व ऐंशींहून अधिक वर्षें उभें असलेलें तें धरणहि दुपारपर्यंत भंगलें. मुठेच्या दोन्ही तीरांवरील वस्ती पाण्याखालीं गेली. पेठांतील जुन्या वाड्यांबरोबर कित्येक घराण्यांचीं कागदपत्रें व ग्रंथहि त्या दिवशीं गेले. हें नुकसान या लेखाच्या वाचकांस विशेष जाणवेल.

पूर ओसरल्यावर दुसरें संकट समोर आलें. ज्या जलाशयांतून शहर पाणी पीत होतें तोच रिता झाला होता. चोहोंकडे चिखल आणि नळाच्या तोटीस पाणी नाहीं. तेव्हां लोक वळले ते घरोघरच्या आडांकडे, विहिरींकडे व जुन्या हौदांकडे. ज्यांनीं आपला आड बुजविला नव्हता त्यांच्या दारीं शेजाऱ्यांची रांग लागली. आज्ञापत्रांतील जखिऱ्याचें टांकें तें हेंच. फरक इतकाच कीं, गडावरील टांकें जाणूनबुजून राखलेलें असे. पुण्याचे आड कोणीं राखिले नव्हते, ते केवळ बुजविण्याचे राहून गेले होते. दैवानें वांचलेल्या वस्तूस योजना म्हणतां येत नाहीं.

७. सांप्रतची स्थिति

पानशेत व खडकवासला हीं दोन्ही धरणें पुन्हां उभीं राहिलीं. मोसे नदीवर वरसगांव व मुठेवर टेमघर हीं धरणें झालीं. या चार जलाशयांचा उपयुक्त सांठा मिळून सुमारें २९ अब्ज घनफूट भरतो. त्यांत खडकवासल्याचा वांटा २ अब्जांच्या आंतला आहे. २०११ च्या खानेसुमारींत पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत ३१ लाखांहून अधिक लोक होते, आणि त्यानंतर २०१७ त ११ व २०२१ त २३ गांवें हद्दींत आलीं. याच सांठ्यावर कालव्याखालील दौंड, इंदापूर या भागांतील शेतीहि अवलंबून आहे. प्रतिवर्षीं जुलैच्या मध्यापर्यंत पिण्यास किती पाणी राखावें, याचा विचार कालवा समितीच्या बैठकींत होतो, आणि शहर व शेती यांची ओढाताण तेथें प्रत्यक्ष दिसते.

आतां पूर्वोक्त तीन नियम लावून पाहूं. चारहि जलाशय एकाच खोऱ्यांत, परस्परांस जोडलेले. वरील तिन्हींचें पाणी अखेर खडकवासल्यांतच उतरतें. २०२१ पासून भामा आसखेडचें पाणी शहराच्या पूर्व भागास मिळूं लागलें, तरी मुख्य भिस्त मुठेच्या खोऱ्यावरच आहे. त्या खोऱ्यांत पाऊस हुकला, गाळ वाढला, किंवा एखाद्या भिंतीस गळती लागली (टेमघरच्या गळतीचा प्रश्न २०१६ त सर्वांपुढें आला होता), तर त्याचा परिणाम सर्व शहरास एकदम भोगावा लागतो. पेशवाईच्या अखेरीस जे अनेक स्वतंत्र आधार होते, त्यांच्या जागीं एक मोठा आधार आला. तो मोठा आहे हें खरें. पण तो एक आहे, हेंहि खरें.

‘आधीं पाणी, मग वस्ती’ हा नियम तर उलटा झाला आहे. सिंहगडाच्या वाटेवरील गांवांत वस्ती आधीं उठली आणि पाणी मागून शोधावें लागलें. जानेवारी २०२५ त किरकटवाडी, नांदोशी, नांदेड, धायरी या परिसरांत मज्जातंतूंस दुर्बळ करणाऱ्या गिलन-बारे या विकाराचे रुग्ण एकाएकीं वाढले. शहर व परिसर मिळून संशयित रुग्णांची संख्या दोनशेंपलीकडे गेली व कांहीं दगावले. रुग्णांच्या तपासणींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतु आढळला आणि संशय पिण्याच्या पाण्यावर आला. खडकवासल्याच्या भिंतीच्या सावलींत राहणाऱ्या गांवांस निर्धोक पाणी मिळूं नये, ही गोष्ट कोणत्याहि बखरकारास विचित्र वाटली असती. पाणी जवळ असणें निराळें आणि राखलेलें असणें निराळें.

कात्रजची कथा याहून बोधप्रद आहे. ज्या दोन तळ्यांचें पाणी पेशव्यांच्या वाड्यांत जात होतें, त्यांच्या वरच्या उतारांवर वस्ती झाली आणि सांडपाणी तळ्यांत उतरूं लागलें. जलपर्णीनें पाण्याचा पृष्ठभाग व्यापला. डोंगर राखला तर नळ राखला, हा संबंध तुटल्यावर दुसरें होणारहि काय ? आंबील ओढ्याचें पात्र ठिकठिकाणीं आक्रसलें. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं अतिवृष्टि झाली, आणि त्याच ओढ्याचा पूर कात्रजपासून खालच्या वस्त्यांत शिरला. शहर व परिसरांत त्या रात्रीं वीसहून अधिक माणसें दगावलीं. अठराव्या शतकांत ज्या ओढ्यास पिण्यासाठीं अडविलें व पेठांपासून दूर वळविलें, तोच ओढा एकविसाव्या शतकांत पिण्यास अयोग्य आणि राहण्यास घातक झाला. ओढा तोच, राखणदार नाहीं.

हा दोष शहराच्या वेशीपाशींहि थांबत नाहीं. पुण्याचें मलिन पाणी मुळा-मुठेवाटे भीमेस मिळतें व भीमा उजनीच्या जलाशयांत जाते. त्या जलाशयावर सोलापूर शहराचें पिण्याचें पाणी अवलंबून आहे. वरच्या गांवाचें सांडपाणी तेंच खालच्या गांवाचें पाणी, हें सत्य पाणवठ्यावर राहणारे पूर्वीं जाणत होते. अंतर वाढल्यामुळें तें दिसेनासें झालें आहे, पण खोटें झालेलें नाहीं.

८. संग्राहकांचें कर्तव्य

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, हा विषय अभियंत्यांचा व नगरपालिकेचा. यांत इतिहाससंशोधकाचें काम काय? काम आहे, आणि तें दुसऱ्या कोणाकडून होणारें नाहीं.

इ. स. २०१९ त स्वारगेट येथें मेट्रोच्या खोदकामांत जुनी भुयारी वाट सांपडली. ती कोणत्या काळाची, कोणत्या पाण्याची, याविषयीं जाणत्यांतहि मतभेद झाला. नळांचा मार्ग दाखविणारा विश्वसनीय, संपूर्ण नकाशा हाताशीं असता तर या प्रश्नाचा निकाल घटकेंत लागता. असा नकाशा नसल्यामुळें इमारतींचे पाये, गटारें व तारांचे चर हे नळांच्या अंगावरून जातात. नळ कोठें तुटला, कोठें त्यांत सांडपाणी शिरलें, हें कळत नाहीं. नळ जेथें शाबूत आहे तेथें त्याचें पाणी निदान बागा, अग्निशमन व धुण्यापुसण्यासाठीं उपयोगांत आणतां येण्यासारखें आहे. त्यामुळें तितकें गाळलेलें पाणी पिण्यास वांचेल. परंतु त्यासाठीं तो कोठें आहे हें आधीं ठाऊक पाहिजे.

ही माहिती चार प्रकारच्या कागदांतून मिळण्याचा संभव आहे. पहिला प्रकार जमाखर्चाचा. पेशवे दप्तरांतून सरदेसाई यांनीं १९३० नंतर जे ४५ खंड निवडून प्रसिद्ध केले, त्यांचा रोख मुख्यतः राजकारणाकडे होता. रोजकीर्दी, ताळेबंद व कारखान्यांचे हिशेब यांचे मोडी रुमाल अभ्यासकाची वाट पाहत आहेत. त्यांत नळ, हौद, उच्छ्वास, बांध, कारंजें, चुना, गाळ काढणें अशा शब्दांखालीं जो खर्च पडला असेल, तो तिथिवार टिपून घ्यावा. गाळ किती वर्षांनीं काढीत, त्यास किती माणसें लागत, हें त्यावरून ठरेल. आणि जतन म्हणजे प्रत्यक्षांत काय, याचें तें सर्वांत भरंवशाचें प्रमाण होईल. दुसरा प्रकार सरदार घराण्यांच्या दप्तरांचा. नाना फडणिसांच्या नळाविषयीं मेणवली दप्तराच्या विखुरलेल्या भागांत, आणि इतर नळांविषयीं त्या त्या घराण्यांच्या संग्रहांत शोध व्हावा. तिसरा प्रकार घरांच्या खरेदीखतांचा व वांटणीपत्रांचा. वाड्याच्या चतुःसीमा सांगतांना नळाचा, आडाचा किंवा पाण्याच्या हक्काचा उल्लेख आला असेल, तर तेवढ्या एका ओळीवरून नळाचा मार्ग एका बिंदूपुरता निश्चित होतो. असे पन्नास बिंदु मिळाले कीं रेषा उमटते. चौथा प्रकार एकोणिसाव्या शतकांतील नकाशे, पालिकेचीं पत्रें व जुनीं छायाचित्रें यांचा.

या कामाची रीति साधी असावी. कागदाची नक्कल, तो कोठें मिळाला याची नोंद, शक व तिथि, आणि उल्लेखिलेल्या जागेची आजची ओळख, एवढें प्रत्येक टिपणांत असलें म्हणजे पुरे. ज्यांच्या घरीं आड किंवा उच्छ्वास अद्याप आहे, त्यांनीं त्याची खोली, बांधणी, पाण्याची उन्हाळ्यांतील पातळी व तो केव्हां बुजविला असल्यास तें साल लिहून ठेवावें. मंडळाच्या जुन्या सभासदांनीं ‘पुणें नगर संशोधन वृत्त’ सिद्ध करतांना वाडे व पेठा यांसाठीं जें कष्ट घेतलें, तसेंच कष्ट पाण्यासाठीं घेतले जावेत.

कागद वाळवी व ओल यांनीं जातात, नळ पहारीनें जातो, आणि दोन्ही गेल्यावर कोणी काय राखावें हें सांगणारें कांहींच उरत नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं शहरास आडांची आठवण झाली, तेव्हां कोणता आड जिवंत आहे हें ज्याच्या त्याच्या शेजाऱ्यासच ठाऊक होतें. पुढील प्रसंगीं शेजारी असेलच असें नाहीं. पेठांतील वाडे जाऊन त्यांच्या जागीं उंच इमारती झाल्या आहेत व जुनीं कुटुंबें पांगलीं आहेत. म्हणून ही यादी आतांच झाली पाहिजे. ज्यांच्या संग्रहीं वरील प्रकारचे कागद असतील त्यांनीं मूळ आपल्यापाशींच ठेवून नकला पाठवाव्या. आलेल्या नकलांवरून नळ, हौद व आड यांचा नकाशा सिद्ध करून तो शहराच्या पाण्याचा कारभार पाहणाऱ्यांच्या हातीं द्यावा, अशी सूचना करून हा लेख पुरा करतों.